हिलाल नानाचा साठवलेला आवाज

पारोळ्यात कुणी गेलं की घरचे दोन ठिकाणी माणूस धाडायचे. एक बांबू आणायला आणि दुसरा हिलाल वना महाजनाकडे. हिलाल नानाची तीनचाकी रिक्षा, तिच्या टपावर दोन भोंगे, आत अ‍ॅम्प्लिफायर आणि नानाचा आवाज. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की," एवढं कानावर पडलं की भाजी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबायचे आणि टपरीवरचा माणूस चहाचा ग्लास खाली ठेवायचा. कोण गेलं, किती वाजता नेणार, कुठून निघणार, हे एकदा ऐकलं की पुन्हा कुणाला विचारावं लागायचं नाही. एरवी साड्यांचा सेल, कांद्याचं बी, उद्या नळाला पाणी नाही, म्हैस हरवली आहे, हेही तोच सांगायचा. पण गाव त्याला ओळखायचं ते मयताच्या पुकाऱ्यासाठी, आणि त्याला त्याचा गर्व होता. का नसावा? सव्वीस वर्षांत त्याने एकाही माणसाचं नाव चुकीचं घेतलं नव्हतं.

तंबाखूही तितकीच जुनी. आवाज बसला तेव्हा दोन महिने तो ज्येष्ठमध चघळत बसला. त्याची बायको कमलबाई रोज कानीकपाळी ओरडायची की दवाखान्यात दाखवून या. गेला नाही. हट्टी माणूस! दुसऱ्या कशालाही काही होईल, पण आपल्या आवाजाला होईल हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. मानेला पुढून एक छिद्र राहील आणि यापुढे श्वास तिथून चालेल. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

दुसरा कुणी असता तर बारा दिवस तोंडावर पांघरूण घेऊन पडला असता. नानाने चाळीसगावला दिलेल्या लेकीला, भूमिकाला, बोलावून घेतलं. मधल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि माईकसमोर बसून हा माणूस आपला आवाज भरून ठेवायला लागला. आधी तालुक्यातली झाडून सगळी गावं. मग आडनावं. मग बायकांची नावं, पुरुषांची नावं. "दुपारी", "सायंकाळी", एक वाजता ते बारा वाजता. "वृद्धापकाळाने", "अल्पशा आजाराने", "अपघाती". घामाने बनियन भिजायचं, खोकल्याची उबळ आली की तुकडा पुन्हा घ्यावा लागायचा. कमलबाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने गप्प करायची. आवाज घोगरा झालेला, खरवडल्यासारखा यायचा, पण होता त्याचाच. असे चार हजारांवर तुकडे झाले आणि भूमिकाने एकेकाला नाव देऊन ते लॅपटॉपमध्ये लावून ठेवले.

दहाव्या दिवशी कमलबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गावनं बठ्ठं भरी लिधं. मंग घरनं?"

गावाचं सगळं भरलं आणि घरचं राहिलं, हे नानाला सुचलंच नव्हतं. मग त्याने घरचंही भरलं. "अवं, चहा ठेव." "आज भाजीमा मीठ कमी शे." "कोन उनं?" "मी जाई ऱ्हायनू." "भूमिका, बेटा, कशी शे?" नातीसाठी मांजराचा आवाजसुद्धा काढला. चाळीसेक वाक्यं झाली असतील. बत्तीस वर्षांचा संसार चाळीस वाक्यांत मावला, कारण रोजचं बोलणं तेवढंच असतं.

ऑपरेशन झालं, चार महिन्यांनी रिक्षा पुन्हा फिरायला लागली. नाना पाटीवर खडूने लिहायचा आणि लॅपटॉपवर तुकडे जुळवून पुकारा तयार करायचा. पहिल्या दिवशी लोक दचकले. हा मुका झाला म्हणतात आणि रिक्षातून तर तोच बोलतोय! मग सवय झाली. कुणीतरी तर तोंडावर म्हणालं, "नाना, आता आवाज मयताला जास्त शोभतो बरं का." नाना हसला. त्याचं हसूही आता नुसतं खांद्यांवरूनच कळायचं. घशाला लावून बोलायचं एक यंत्रही त्याला मिळालं होतं, पण त्यातून येणारी सपाट घर्रघर्र ऐकून नातीने भोकाड पसरलं, तेव्हापासून ते कपाटात पडून होतं. लॅपटॉप मात्र चोवीस तास जवळ. घरात चहा हवा असला की बटण दाबायचा, आतून कमलबाई ओरडायची, "ठेवस ना! एकदाव ऐकं मी!" आणि तो मुद्दाम पुन्हा दाबायचा.

हा लॅपटॉप बघायचा जितेंद्र. बसस्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान. गुणी पोरगा, हात चांगला, फक्त स्वतःच्या बोलण्यावर जरा जास्त खूश. गिऱ्हाईक आलं की त्याचा एक पाठ ठरलेला असायचा: "माल कधी सी ड्राइव्हमध्ये ठेवायचा नाही. सी म्हणजे विंडोजचं घर, ते कधीतरी उडणारच. आपला माल डी-मध्ये. मग मी सी कितीदा का पुसेना, तुमच्या केसालाही धक्का लागत नाही." निम्म्या तालुक्याने हा पाठ घोकला होता. आणि खोटं काय होतं त्यात? आपल्याकडे कॉम्प्युटर बिघडला म्हणजे विंडोज बिघडलं. दहात नऊ वेळा तेच असतं. नानाचे चार हजार तुकडेही जितेंद्रने स्वतःच्या हाताने डी-मध्ये हलवले होते.

मग बन्सीलाल ड्रायव्हर वारले. एसटीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर पारोळा-धुळे गाडी चालवलेली, गावातला एक माणूस असा नसेल जो त्यांच्या गाडीत बसला नाही. नेमका त्या सकाळी लॅपटॉप सुरूच होईना. निळा पडदा, त्यावर इंग्रजी, पुन्हा बंद, पुन्हा निळा पडदा. जितेंद्रने डेस्कटॉपवरचं सगळं आधी बाजूला काढून, नवं विंडोज टाकून, ते परत जागेवर ठेवून, तुकडे जुळवायचा प्रोग्रॅम बसवून लॅपटॉप हातात दिला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि बन्सीलालांना तीनला नेलं होतं. मागे वीसपंचवीस माणसं होती. तिसऱ्या दिवशी नाना भेटायला गेला तर त्यांच्या बायकोने, इंदिराबाईंनी, एवढंच विचारलं, "भाऊ, आमचीच गाडी तुम्हाला सापडली नाही का?"   तो दोन दिवस धड जेवला नाही.

मग तो जितेंद्रच्या दुकानात जाऊन बसला. सोबत कमलबाई होती. पाटीवर लिहिलं, "पुन्हा असं होता कामा नये."

"नाना, दोन रस्ते आहेत," जितेंद्र म्हणाला. "एक, रिकव्हरी इमेज. म्हणजे आज तुमचं विंडोज, प्रोग्रॅम, सगळी मांडणी जशी आहे तिचा एक ठसा काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचा. उद्या बिघडलं की पेन ड्राइव्ह लावला, वीस मिनिटांत लॅपटॉप पुन्हा उभा. तुम्ही रिक्षात बसूनसुद्धा करू शकाल, मी शिकवतो. दुसरा, पूर्ण डिस्कचा बॅकअप. त्याला वेगळी मोठी डिस्क लागते, ती मला जळगावहून आणावी लागेल. घ्यायला चारपाच तास, परत टाकायला तेवढेच. आणि दर महिन्याला पुन्हा घ्यायचा."

नानाने क्षणभरही विचार केला नाही. पाटीवर लिहिलं, "मयत पाच तास थांबत नाही," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"तेच तर!" जितेंद्र म्हणाला. "तुमच्या धंद्याला इमेजच बरी."

 कमलबाईने विचारलं, "जितू, त्यामा यासना आवाज शे ना?"

आता इथे तो एक श्वास थांबला असता तर! पण समोरून दुसरं गिऱ्हाईक पिशवी घेऊन आत येत होतं, आणि जितेंद्रच्या डोक्यात डी-ला कधी काही होतच नव्हतं. जो माल जागचा हलत नाही तो त्यात आहे की नाही, हा प्रश्नच त्याला पडला नाही. "अक्का, बठ्ठं शे," तो म्हणाला. "जसं व्हतं तसंच परत यी."

आणि आलंही. त्या पावसाळ्यात विंडोज पुन्हा एकदा बसलं. नानाने रिक्षा पिंपळाखाली लावली, पेन ड्राइव्ह खोचला आणि घड्याळ लावून पाहिलं, अठरा मिनिटं. डी जिथल्या तिथे, आवाज जिथल्या तिथे, पुकारा वेळेवर. नाना संध्याकाळी जितेंद्रच्या दुकानात पेढे ठेवून आला. त्या दिवसापासून तो पेन ड्राइव्ह कमलबाईने देव्हाऱ्यात ठेवला. हसू नका. दुसरीकडे कुठे ठेवणार होती?

यंदाच्या चैत्रात नाना एका खेड्यावरून परत येत होता. रस्ता खोदून ठेवलेला, रिक्षा एका खड्ड्यात अशी आपटली की भोंग्याचा नट निसटला. लॅपटॉप सीटवरून खाली गेला. उचलला तर आतून टक, टक, टक असा आवाज यायला लागला, आणि मग तोही थांबला.

जितेंद्र घरी आला तेव्हा अगदी निवांत होता. "डिस्क गेली नाना, पण आपल्याकडे इमेज आहे ना?" त्याने नवी डिस्क बसवली, कमलबाईने देव्हाऱ्यातून पेन ड्राइव्ह आणून दिला. अठरा मिनिटांनी पडदा उजळला. नातीचा फोटो मागे, तसाच. सगळी चित्रं आपापल्या जागी. "मयत", "जाहिरात", "गावं", "नावं", "घर", एकेका पिवळ्या खोक्याखाली भूमिकाने टाईप केलेलं नाव जसंच्या तसं. कमलबाई नानाच्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती चित्रं तिला पाठ होती. म्हणाली, "उनं ना बठ्ठं?"

नानाने "घर" दाबलं. एक लहान चौकट आली, ही जागा सापडत नाही म्हणून. "नावं" दाबलं, तीच चौकट. "गावं" दाबलं. मग त्याने जितेंद्रकडे पाहिलं, आणि जितेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ते सगळे नुसते रस्ते होते. ज्या घराकडे ते जायचे ते डी-मध्ये होतं; सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे, डिस्कबरोबर दोन्ही गेले, आणि इमेज फक्त सी-ची होती.  जितेंद्र म्हणाला, "नाना, चूक माझी आहे." पोराने निदान तेवढं केलं, दुसऱ्या कशावर ढकललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो मेलेली डिस्क घेऊन धुळ्याला गेला. तिथल्या माणसाने नाशिकला पाठवली. तीन आठवड्यांनी डिस्क परत आली. आतली चकती घासली गेली होती, तिच्यावर वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत सगळ्यांनी शोधून पाहिलं. नानाचा आधीचा फोन साधा बटणांचा, त्यात काही नव्हतं. दुकानदारांच्या जाहिराती पेन ड्राइव्हवर जायच्या आणि पुढच्या सेलला पुसल्या जायच्या. भूमिकाला आपल्या लग्नाच्या व्हिडिओत बापाचा आवाज सापडला, पण त्यावर बँड इतका वाजत होता की "या, या, बसा" एवढंच कळत होतं. गावात दोन मयतं झाली. लोकांनी मोबाईलवर निरोप फिरवले. नाना ओट्यावर बसून राहायचा. पाटीवर लिहिणंही त्याने सोडलं होतं. चहा हवा असला तर तो उठून चुलीपाशी उभा राहायचा, आणि कमलबाई न विचारता ठेवायची. मग भांडी आपटायची. राग कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं, म्हणून भांड्यांवर निघायचा.

जितेंद्र परत आला ती भरदुपार होती. त्याने डिस्कची पुडी ओट्यावर ठेवली आणि मान खाली घालून बसला. मग काहीतरी करायला हवं म्हणून, रिक्षात ठेवलेला लॅपटॉप उघडला. अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेलाच होता. "एकदा सी-मध्ये आवाजाच्या फाइली शोधतो," म्हणाला. यंत्र शोधत राहिलं. विंडोजचे टिंगटिंग आवाज निघाले, बाकी काही नाही. आणि मग अगदी तळाला एक नाव आलं. "मी". दोन मिनिटं दहा सेकंद. डेस्कटॉपवरच्या, म्हणजे सी-मधल्याच, एका कोपऱ्यात ती पडून होती, इतर पिवळ्या खोक्यांच्या गर्दीत कुणाची नजर गेली नव्हती.

"अक्का! अक्का, एक वाचली!" जितेंद्र ओरडला. कमलबाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

नानाने ते नाव वाचलं आणि ताडकन उठला. दोन्ही हात हलवायला लागला, नको, नको. जितेंद्रला वाटलं, म्हातारा आनंदाने वेडा झाला. त्याने बटण दाबलं.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की," दोन्ही भोंग्यांतून नानाचा आवाज निघाला, घोगरा, सावकाश, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा. "आपल्या पारोळा शहरात गेली सव्वीस वर्षे सेवा देणारे हिलाल वना महाजन यांचे दुःखद निधन झाले आहे."

त्या दिवशी भूमिका बाजारात गेलेली असताना त्याने हे एकट्याने भरलं होतं. आपला पुकारा दुसरा कुणी करेल आणि नाव चुकवेल, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. वेळ आल्यावर बायकोला चटकन सापडावी म्हणून फाइल बाहेर, समोरच ठेवली होती. डी-मध्ये नव्हती, म्हणून वाचली.

नानाचा हात वायरवर गेला होता. ओढली असती तर तिथेच थांबलं असतं. पण त्याने कमलबाईकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी तिच्या कानावर तो आवाज पडत होता. तिने पिठाचे हात तसेच छातीशी धरले होते आणि तोंड उघडं होतं. त्याने वायर सोडून दिली.

"त्यांच्या पश्चात पत्नी कमलबाई," भोंगा म्हणाला.

बत्तीस वर्षांत त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. अवं, नाहीतर भूमिकाची माय. त्यांच्याकडे नवरे बायकोचं नाव घेतच नाहीत. कमलबाई रिक्षाच्या चाकाशी खाली बसली. "कन्या भूमिका, जावई, नात असा परिवार आहे. अंत्ययात्रा आज," आणि इथे त्याने वेळेसाठी जागा रिकामी सोडली होती, भोंगे नुसते खरखरत राहिले, "वाजता राहत्या घरून निघेल. पुन्हा एकदा ऐका."

दुसऱ्यांदा सुरू झालं तोवर गल्ली भरायला लागली होती. गावाने तो आवाज सव्वीस वर्षं ऐकला होता आणि त्याने एकदाही चुकीचं सांगितलं नव्हतं. शेजारची बेबाबाई सगळ्यात आधी आली. डोक्यावरचा पदर सावरत, मोठ्याने गळा काढत तिने कमलबाईच्या गळ्याला मिठी घातली. "माय वं! कव्हय व्हयनं वं बाई? सकायले तं दारमा बठेल व्हतात!" तिच्यामागे आणखी बायका. पुरुष टोप्या काढून भिंतीच्या सावलीला उभे राहिले. कुणीतरी बांबू आणायला सायकलवर गेलासुद्धा. जितेंद्र "अहो नाही, अहो ऐका" करत होता, पण भोंग्यापुढे आणि रडण्यापुढे त्याचं कोण ऐकतंय?  कमलबाई रडत होती, आणि तिला रडताना पाहून कुणालाच शंका उरली नव्हती.

फाइल संपली. नाना रिक्षाच्या पलीकडच्या अंगाला उभा होता, भोंग्याच्या खांबाला धरून. त्याने हात वर केला, कुणी पाहिलं नाही. पाटी घरात होती. मग सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात माईककडे गेला. त्याने बटण वर केलं, माईक ओठांशी नेला, मान ताठ केली आणि गावाला सांगायला तोंड उघडलं.

तोंडातून काही आलं नाही. मानेतल्या छिद्रातून श्वास सुटला, तो माईकने पकडला, आणि दोन्ही भोंग्यांतून गल्लीभर नुसता तो श्वास घुमला. एकदा आत, एकदा बाहेर, पुन्हा आत.

रडणं थांबलं. सगळ्यांनी रिक्षाकडे पाहिलं. बेबाबाईने कमलबाईच्या गळ्यातले हात सोडले आणि पदर तोंडात धरला.  नाना तसाच उभा होता, ओठ हलत होते, गावाकडे बघत तो काहीतरी सांगतच होता. कमलबाई उठली, रिक्षात हात घालून तिने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, आणि लोक एकेक करून टोप्या घालून निघून गेले.